लिनक्स मिंट २२: नवशिक्याला व्हर्जनचा आकडा वाचता येतो का?

अमळनेर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही संगणकाचा मोफत वर्ग चालवतो. अकरा संगणक आहेत, सगळे देणगीत आलेले आणि बहुतेक दहा वर्षांपूर्वीचे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे आधीच जाहीर झाले होते आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आमच्या एकाही यंत्रात नव्हती. म्हणून २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळ्या संगणकांवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही मोफत, मुक्त प्रणाली बसवली. हे परीक्षण वर्षभराच्या वापरावर आधारलेले आहे, पण मिंट दिसायला कसे आहे, जुन्या यंत्रावर किती चपळ चालते, या गोष्टींवर मी वेळ घालवणार नाही. दिसायला ते नेटके आहे आणि चार जीबी रॅमवर आमचे काम अडत नाही, एवढे पुरे. मला एकाच प्रश्नाचा विचार करायचा आहे: ज्याने आयुष्यात पहिल्यांदा मुक्त प्रणाली हाताळली आहे, त्याला पॅकेजचे, म्हणजे बसवण्यासाठी बांधून तयार ठेवलेल्या प्रोग्रॅमचे, व्हर्जन म्हणजे काय हे मिंटच्या पडद्यावरून कळते का?

प्रश्न बारीक वाटेल, परंतु वर्गात रोज अडते ते इथेच. आपल्याकडे कोणते व्हर्जन आहे, नवे कोणते आले आहे व त्याने काय बदलेल, आणि नवे पटले नाही तर मागे फिरता येईल का, या तीन गोष्टी माणसाला ठाऊक असल्या तर तो अपडेटच्या बटणाला घाबरत नाही. ठाऊक नसल्या तर दोनच प्रकार होतात: एक तर तो कधीच अपडेट करत नाही, नाही तर डोळे मिटून सगळ्याला होकार देतो. १९४५ साली वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून जिथे सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो या नावाने सॉफ्टवेअरच्या धंद्यात जगभर गेली, त्या अमळनेरच्या परिसरातल्या मुलांनी यातला कोणताही प्रकार करू नये, असे मला मनापासून वाटते.

पहिली अडचण गिंप या चित्रसंपादनाच्या प्रोग्रॅमवर आली. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर उभे आहे आणि तिच्या पॅकेजांच्या भांडारात गिंपचे २.१०.३६ हे व्हर्जन आहे. वर्गातल्या एका मुलाच्या घरी मोठ्या भावाचा जुना संगणक होता व त्यावर २.८ होते. तो पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "सर, मना घरनं गिंप २.८ शे, मंग आठलं जुनं शे का?" त्याचा हिशेब शाळेतल्या गणिताप्रमाणे बिनचूक होता. दशांश अपूर्णांकात २.८ हे २.१० पेक्षा मोठेच असते. प्रत्यक्षात गिंप २.८ हे २०१२ चे आणि २.१० हे २०१८ चे. मधल्या काळात २.९ ही विकासाची मालिका चालू होती, आणि नऊनंतर दहा आले, एवढीच गोष्ट.

मी फळ्यावर सातबारा काढला. वर्गात शेतकऱ्यांची मुले आहेत, दोन-तीन स्वतः शेती करणारे काकाही आहेत, आणि गट नंबरची भाषा त्यांना शिकवावी लागत नाही. गट १४ चे पोटहिस्से पडत गेले तर १४/९ नंतर १४/१० येतो, आणि १४/१० म्हणजे १४/१ असे कोणताही तलाठी वाचत नाही. व्हर्जनमधला टिंब हा दशांशचिन्ह नसून पोटहिस्स्याची तिरकी रेघ आहे, एवढे सांगितल्यावर त्या मुलाने लगेच विचारले की मग पायथन या प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषेच्या ३.९ आणि ३.१० यांत नवे ३.१० का. मला आणखी काही सांगावे लागले नाही. मिंटने हे फळ्यावरचे काम आपल्या पडद्यावर करायला हवे होते असे माझे मत आहे. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम शोधून बसवण्याच्या खिडकीत, प्रोग्रॅमचे नाव, चित्रे, वर्णन, लोकांचे अभिप्राय हे सगळे ठळक असते. व्हर्जनचा आकडा मात्र खाली तपशिलात, नुसता आकडा म्हणून पडलेला असतो. त्याच्यासोबत 'ही मालिका अमुक वर्षाची' एवढी एक ओळ असती, तरी निम्मे प्रश्न उठलेच नसते.

अपडेट मॅनेजरकडे वळलो की आकडा आणखी अवघड होतो. लिबरऑफिस या पत्र-हिशेबाच्या प्रोग्रॅमचे अपडेट आले तेव्हा नव्या व्हर्जनच्या रकान्यात ४:२४.२.७-०उबुंटू०.२४.०४.४ अशी एक लांबलचक माळ होती, अर्थात पडद्यावर ती रोमन अक्षरांत. वर्गातल्या एक ताई बचत गटाचे हिशेब ठेवतात. त्यांनी ती वहीत उतरवून घेतली आणि हा फोन नंबर आहे का, असे गंभीरपणे विचारले. प्रश्न रास्त होता, कारण या माळेत तीन वेगवेगळ्या कारणांनी दिलेले आकडे एकामागे एक ओवलेले आहेत आणि कोणता कशाचा हे सांगणारी खूण म्हणून फक्त एक विसर्गासारखे चिन्ह व एक आडवी रेघ आहे. उबुंटू ज्यावर उभे आहे त्या डेबियन या लिनक्सने ही पद्धत घातली, उबुंटूने ती घेतली आणि मिंटकडे ती वारशाने आली.

तिची फोड पुन्हा सातबाऱ्यानेच झाली. मधला २४.२.७ हा भाग लिबरऑफिस लिहिणाऱ्यांनी दिलेला. तो मूळ व्हर्जनचा आकडा, म्हणजे आपला गट नंबर. आडव्या रेघेनंतरचा सगळा भाग हा पॅकेज बांधणाऱ्यांचा. त्यांनी मूळ प्रोग्रॅम तोच ठेवून त्यात एखादी दुरुस्ती घातली की हा मागचा भाग पुढे सरकतो. जमिनीचा गट तोच राहतो आणि फेरफाराचा क्रमांक नवा पडतो, तसे. आणि सुरुवातीचा ४: हा भाग, ज्याला डेबियनमध्ये इपॉक म्हणतात, तो क्रमांक देण्याची पद्धतच बदलावी लागली तर वाढवतात, म्हणजे नवा आकडा दिसायला लहान असला तरी यंत्राने त्याला नवाच धरावे. आपल्याकडे एकत्रीकरणानंतर जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा सर्व्हे नंबर २१० आणि गट नंबर ३५ यांतला मोठा कोणता हा प्रश्नच निरर्थक झाला होता. एक काका हे ऐकून म्हणाले, "म्हंजे हा आकडा दप्तर बदलल्याचा." यापेक्षा नेमकी व्याख्या मला करता आली नसती.

यातला मधला मुद्दा, म्हणजे गट तोच आणि फेरफार नवा, हा नवशिक्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे आणि मिंट तो नीट दाखवत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. उबुंटू २४.०४ सारख्या दीर्घ मुदतीच्या प्रणालीत प्रोग्रॅमचे मूळ व्हर्जन सहसा गोठवलेले असते. एखाद्या प्रोग्रॅममध्ये सुरक्षेची भेग सापडली, तर बहुतेक वेळा नवे व्हर्जन आणत नाहीत. फक्त ती दुरुस्ती जुन्या व्हर्जनमध्ये मागे आणून बसवतात. त्यामुळे समोरचा आकडा जुना दिसतो आणि आतली भेग बुजलेली असते. हे ज्याला ठाऊक नाही तो इंटरनेटवर वाचतो की अमुक प्रोग्रॅमच्या तमुक व्हर्जनमध्ये धोका आहे, आपल्या संगणकावर तोच आकडा पाहतो आणि हादरतो; मग कुठल्या तरी अनोळखी संकेतस्थळावरून 'नवे' व्हर्जन उतरवतो, आणि खरा धोका तेव्हा घरात येतो. आमच्या वर्गात असे एकदा होता होता राहिले. अपडेट मॅनेजरने रेघेच्या आधीचा आणि नंतरचा भाग निदान दोन रंगांत दाखवला आणि पुढे 'व्हर्जन तेच, सुरक्षेची दुरुस्ती नवी' असे साध्या शब्दांत लिहिले, तर हा घोळ मिटेल. यासाठी कोणताही नवा शोध लागत नाही. लागणारी माहिती त्या माळेत आणि अपडेटच्या प्रकारात आधीच आहे.

प्रकार दाखवण्याच्या बाबतीत मात्र मिंटचे काम उत्तम आहे आणि ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. सुरक्षेच्या अपडेटपुढे ढालीचे चिन्ह असते, कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे, अपडेट वेगळे ओळखू येते आणि बाकीची साधी अपडेट त्यांच्यापासून निराळी दिसतात. ज्याला अक्षरही वाचायचे नाही त्यानेही ढाल पाहून होकार द्यावा, एवढे ते सुबोध आहे. एखाद्या अपडेटवर उजवी क्लिक केली तर फक्त हे व्हर्जन वगळा किंवा या पॅकेजची पुढची सगळी अपडेट वगळा, असे दोन वेगळे पर्याय मिळतात. हा फरक बारीक आहे, पण फार विचारपूर्वक केलेला आहे. खाली बदलांची नोंद वाचण्याचा भागही आहे. आधीचे व्हर्जन दाखवणारा रकाना तेवढा सुरुवातीला लपलेला असतो. दृश्याच्या मेन्यूत जाऊन तो चालू करावा लागतो. जुने आणि नवे शेजारी शेजारी दिसल्याशिवाय बदल कळणार कसा? मी अकराही संगणकांवर पहिल्याच दिवशी तो रकाना उघडून ठेवला, आणि ज्यांनी मिंट घेतले असेल त्यांनी सगळ्यांत आधी हेच करावे असे मी सांगेन.

मार्च २०२५ मध्ये गिंप ३.० आले आणि पुन्हा तोच मुलगा माझ्यासमोर उभा राहिला. त्याने पाहिलेल्या सगळ्या व्हिडिओंत ३.० होते आणि आमच्या संगणकावर २.१०. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये अशा प्रोग्रॅमच्या पानावर एक निवडपेटी असते: सिस्टिम पॅकेज की फ्लॅटपॅक. पहिल्यात गोठवलेले २.१०.३६, दुसऱ्यात फ्लॅटहब या भांडारातले ताजे व्हर्जन. ही सोय अतिशय चांगली आहे, कारण जुने-नवे दोन्ही एका दारातून मिळतात आणि टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकून काम करायची खिडकी, उघडावे लागत नाही. परंतु त्या पेटीत नुसती उगमाची नावे आहेत, व्हर्जन नाही. 'सिस्टिम पॅकेज' आणि 'फ्लॅटपॅक' हे शब्द नवशिक्याला काहीही सांगत नाहीत, 'स्थिर, २.१०.३६' आणि 'ताजे, ३.०' असे लिहिले असते तर त्याने स्वतःच निवड केली असती. ताज्याची किंमतही तिथेच सांगायला हवी, कारण पहिल्या वेळी फ्लॅटपॅकसोबत त्याला चालायला लागणारा सामायिक भाग, म्हणजे रनटाइम, उतरतो आणि तो काही शे एमबींचा असतो. आमच्याकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वर्ग चालतो, तेव्हा ही गोष्ट क्षुल्लक नसते. मिंट २२ मध्ये फ्लॅटहबवरची पडताळणी न झालेली पॅकेजे मुळातच लपवलेली असतात, हा निर्णय मला पूर्णपणे पटला.

आकड्यांचा आणखी एक गुंता आहे, पण त्याचा दोष मिंटकडे जात नाही. प्रत्येक प्रकल्प आपला आकडा वेगळ्या अर्थाने वाढवतो. उबुंटू २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल, लिबरऑफिसनेही ७.६ नंतर हीच वर्ष-महिन्याची रीत धरून २४.२ काढले. फायरफॉक्स या ब्राउझरचा आकडा साधारण चार आठवड्यांनी एकने वाढतो, मग आत मोठा बदल असो वा नसो. लिनक्स कर्नल २०११ साली २.६.३९ वरून थेट ३.० झाला तो केवळ आकडे अंगावर येऊ लागले म्हणून. उलट सिमँटिक व्हर्जनिंगचा नियम पाळणाऱ्या प्रकल्पात पहिला आकडा बदलला तर जुन्याशी जुळणारे काही तरी मोडले आहे, मधला बदलला तर भर पडली आहे आणि शेवटचा बदलला तर दुरुस्ती झाली आहे, असा स्पष्ट अर्थ असतो. छपाईची पाने जुळवण्यासाठी डोनाल्ड क्नुथ यांनी लिहिलेल्या टेक्‌चे व्हर्जन तर दर वेळी गणितातल्या पाय (π) च्या किमतीला एक अंक अधिक जवळ जाते. हे सगळे मुलांना सांगताना मजा येते.

आता मागे फिरण्याविषयी, कारण भीती खरी तिथे असते.

आमच्या दोन संगणकांना यूएसबीचे वायफाय डोंगल आहे. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते डोंगल चालवणारा प्रोग्रॅम, कर्नलमध्ये नव्हता. विक्रेत्याने दिलेल्या फाइलींवरून तो आम्ही हाताने बांधून बसवला होता. जानेवारीच्या एका सकाळी कर्नल ६.८.०-४९ वरून ६.८.०-५१ वर गेला आणि दोन्ही यंत्रांवरचे इंटरनेट गेले. आकड्यात फक्त शेवटचा भाग बदलला होता, पण कर्नलच्या बाबतीत त्या भागालाही वजन असते: हाताने बांधलेला ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी बांधला त्याच्याशीच जुळतो, आणि नव्यासाठी तो पुन्हा बांधावा लागतो. वर्ग भरला होता, मुले पडद्याकडे पाहत होती. मी संगणक पुन्हा सुरू करून शिफ्ट दाबून धरली, प्रगत पर्यायांत गेलो आणि जुना कर्नल निवडला. इंटरनेट परत आले. मिंट नवा कर्नल आणताना जुना लगेच काढून टाकत नाही, आणि अपडेट मॅनेजरच्या दृश्य मेन्यूत बसवलेल्या सगळ्या कर्नलांची यादी पाहता येते. त्या दिवशी मुलांनी दहा मिनिटांत जे शिकले ते मला तासभर बोलून शिकवता आले नसते.

पुढच्या आठवड्यात टाइमशिफ्टची पाळी आली. हे साधन ठरावीक काळाने सगळ्या प्रणालीची प्रत ठेवते, घरातल्या फोल्डरना म्हणजे आपल्या कागदपत्रांना आपणहून हात लावत नाही आणि बिघाड झाला तर प्रणाली त्या दिवसापर्यंत मागे नेते. २०२२ पासून मिंटचा गटच त्याची देखभाल करतो आहे. मी मुद्दाम एका संगणकावर चार पॅकेजे काढून टाकली, पॅनेल मोडले आणि एका शाळकरी मुलीला ते परत आणायला सांगितले. तिने तारीख निवडली, पुढे-पुढे केले, संगणक सुरू झाला तेव्हा सगळे जागेवर होते. मागे फिरता येईल का, या तिसऱ्या प्रश्नाला मिंटचे उत्तर इतके खणखणीत आहे की फक्त या एका गोष्टीसाठी मी नवशिक्यांना मिंट सुचवेन. प्रत ठेवायला डिस्कवर जागा लागते, त्यामुळे लहान डिस्क असेल तर रोजच्या दोन आणि आठवड्याच्या दोन प्रती पुरतात.

परंतु टाइमशिफ्ट सगळे घर मागे नेते. एकाच खोलीला मागे न्यायचे असेल तर वाट अरुंद होते. सिनॅप्टिक या जुन्या साधनात पॅकेजचे ठरावीक व्हर्जन बसवण्याची आणि ते कुलूपबंद करण्याची सोय आहे, पण यादी उघडली की बहुधा दोनच व्हर्जन दिसतात: उबुंटू २४.०४ प्रसिद्ध झाले त्या दिवशीचे आणि आजचे. मधली सगळी भांडाराच्या यादीतून निघून गेलेली असतात. काल चालत होते ते व्हर्जन हवे, ही नवशिक्याची सर्वांत साधी मागणी तिथे पूर्ण होत नाही. फ्लॅटपॅकमध्ये जुनी व्हर्जने भांडारात राहतात. मात्र ती बसवायची तर टर्मिनल लागते किंवा वेअरहाउस नावाचे वेगळे साधन घ्यावे लागते, आणि ते मी आमच्या चार संगणकांवर ठेवले आहे. उबुंटूच्या स्नॅप या पॅकेजच्या पद्धतीत मागचे व्हर्जन यंत्रावरच जपून ठेवलेले असते आणि एका आज्ञेने परतता येते. फेडोरा या आणखी एका लिनक्सच्या डीएनएफ या पॅकेज बसवण्याच्या साधनात झालेला व्यवहार उलटवता येतो. मिंट स्नॅप बंद ठेवते, त्याची कारणे मला मान्य आहेत, पण परतीची ही कल्पना चांगली आहे आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये 'मागच्या व्हर्जनवर जा' असे बटण फ्लॅटपॅकपुरते तरी द्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मराठीविषयी एक गोष्ट नोंदवतो. भाषा मराठी निवडली तरी मिंटमधली बरीच वाक्ये इंग्रजीत राहतात, आणि नेमकी अपडेटच्या खिडकीतली वाक्ये समजणे सर्वांत गरजेचे असते. भाषांतर स्वयंसेवक करतात. ज्यांना चांगले मराठी येते आणि थोडा वेळ आहे, त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. 'पॅकेज', 'व्हर्जन', 'अपडेट' हे शब्द तसेच ठेवावेत, कारण माडीवर सगळे तेच बोलतात. त्यांच्या भोवतीचे वाक्य मात्र आपल्या बोलण्यातले असावे.

ज्यांच्याकडे जुना संगणक पडून आहे आणि रोजचे काम ब्राउझर, पत्र, हिशेब, चित्रे एवढेच आहे, त्यांनी मिंट २२ निःशंकपणे घ्यावे. त्याला २०२९ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळणार आहेत. ज्यांना दर महिन्याला प्रत्येक प्रोग्रॅमचे ताजे व्हर्जन हवे, त्यांना गोठवलेल्या आकड्यांचा कंटाळा येईल. शिकवणाऱ्यांना मी दोनच गोष्टी सांगेन: जुन्या व्हर्जनचा रकाना उघडा आणि टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी लावा. आम्ही तिसरी एक केली. प्रत्येक संगणकाला सुतळीने एक दोनशे पानी वही बांधली आहे. अपडेट करण्याआधी तारीख, पॅकेज, जुना आकडा, नवा आकडा आणि रेघेच्या आधीचे बदलले की नंतरचे, एवढे लिहायचे. सातव्या संगणकाच्या वहीत बचत गटाच्या ताईंनी परवा लिहिलेल्या ओळीच्या शेवटी 'गट तोच, फेरफार नवा' असे शेरे घातले आहेत, आणि शेजारी ढालीचे चित्र काढले आहे.